टोपल्याखालचं भांडण

माझ्या बायकोच्या अंगात माझ्या वहिनीचं रक्त वाहतं. हे मी अलंकारानं म्हणत नाही. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवतो, अलंकार शिकवणारे गुरुजी वेगळे आहेत. बयनाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, रक्तगट सरकारी दवाखान्याच्या जुन्या कार्डावर ओ लिहिलेला आहे. आता तो बी आहे, वहिनीचा. त्यामुळे वहिनी चार दिवस परगावी गेली तरी माझ्या घरातला तिचा वचक कमी होत नाही.

वहिनी म्हणजे देवकाबाई, माझ्या थोरल्या भावाची, माणिकरावांची बायको आणि बयनाची सख्खी मोठी बहीण. एका घरच्या दोन पोरी एकाच घरात द्यायची आमच्याकडे चाल आहे. रुसणारे सोयरे निम्मे होतात, असा त्यामागचा शहाणपणा. त्या दोघी मिळून अख्ख्या गावाच्या वाटचं रुसतील, हे लग्नं जमवणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही.

पंच्याऐंशी साली आम्हा भावांची वाटणी झाली आणि अंगणाच्या मधोमध कमरेएवढी मातीची भिंत आली. वहिनीनं तिच्या बाजूला भोपळ्याची बी लावली. वेल भिंतीवर चढला, आमच्याकडे उतरला, आणि भोपळा धरला तो नेमका आमच्या अंगणात. बयनानं तो कापला, भाजी केली, आणि वाटीभर बहिणीला पाठवली.

"मूळ माहं, खत माहं, पानी माहं, अन् मलेच वाटीभर?" वहिनी भिंतीवरून म्हणाली.

"वेल तुहा माह्या घरी आला, मी नव्हता बलावला," बयना म्हणाली.

झालं. शितावरून भात ओळखा.

आता आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या, पैनगंगेकाठच्या गावात बायकांच्या भांडणाची एक रीत आहे. भांडण ऐन रंगात असताना कापूस वेचायला जायची वेळ झाली, किंवा दारात पाहुणा आला, तर भांडण अर्धवट टाकत नाहीत. दोघींपैकी एक जण "ठेव झाकून" म्हणते आणि बांबूचं टोपलं आणून हद्दीवर पालथं घालते. भांडण त्याच्याखाली राहतं. सवड झाली की टोपलं उचलायचं आणि जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू करायचं. मिटवायचं असेल तर दोघींनी मिळून ते उचलायचं, हळदीकुंकू लावायचं, संपलं. तिसऱ्या माणसानं टोपल्याला हात लावायचा नाही. विधानसभेत ही पद्धत सुरू केली तर कामं होतील असं माझं जुनं मत आहे.

आमच्या भिंतीवरचं टोपलं तेव्हापासून पालथंच होतं. सवड झाली की उचललं जायचं आणि परत झाकलं जायचं. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक दगड.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात बयनाच्या डाव्या बरगडीखाली गोळा लागायला लागला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं, नागपूरवाल्यांनी दक्षिणेतल्या एका मोठ्या इस्पितळात. त्याचं नाव लिहीत नाही. त्यांनी आमच्यापायी पुष्कळ सोसलं, वर आणखी बदनामी कशाला. तिथल्या डॉक्टरीणबाई मल्याळी होत्या, आणि त्यांचं हिंदी माझ्या तेलुगूएवढंच चांगलं होतं. रक्ताचा कॅन्सर, त्या म्हणाल्या. सावकाश चालतो, पण वाट चुकत नाही. सख्ख्या भावंडाचा हाडातला मगज, जिथं रक्त तयार होतं तो, जुळला तर घालून बघता येईल.

बयनाला भावंड एकच. तपासणी झाली. वाटीभर भाजीवरून ज्यांचं जुळलं नाही, त्या दोघींचं सहाच्या सहा खुणांवर जुळलं. "असं जुळणं नशीब असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना भिंत माहीत नव्हती.

मी वहिनीकडे गेलो तेव्हा ती ओट्यावर सरकी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं मान वर न करता ऐकलं.

"काढा म्हना हाडातून काय लागते ते. पन भाऊजी, भोपळ्याचं मी सोडलं असं समजू नका."

मगज दिला तिनं. कमरेत सुया टोचून घेतल्या आणि आठ दिवस वाकडी चालली. बयनाशी चकार शब्द गोड बोलली नाही. टोपलं जागच्या जागी राहिलं. बयना बरी होऊन घरी आली आणि महिन्याभरात भिंतीवरून दोन्ही आवाज पूर्ववत सुरू झाले. ते ऐकून मी न्हाणीघरात जाऊन रडलो, हे आज सांगून टाकतो.

दोन वर्षं बरी गेली. शहाण्णवच्या सुरुवातीला रोग परत आला.

यावेळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खोलीत बसवून कागदावर चित्रं काढली. माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशींची एक जात असते. अंगात कोण घरचं आणि कोण परकं हे ओळखणं आणि परक्याला मारणं, हे तिचं काम. देवकाच्या ज्या पेशी दोन वर्षांपूर्वी बयनाच्या अंगात गेल्या, त्या आता तिथं रुळल्या. रोगाला घरचाच समजायला लागल्या. तेव्हा देवकाकडून याच जातीच्या ताज्या पेशी घ्यायच्या आणि बयनाला द्यायच्या. त्यांनी रोगाला परकं ओळखलं तर त्या त्याला संपवतील. जगात सहा-सात वर्षांपासून काही ठिकाणी करून बघतात. आमच्या इथं बोटावर मोजण्याएवढ्यांना दिलंय.

"हमी?" मी विचारलं.

"नाही."

"धोका?"

त्यांनी चित्रावर पेन टेकवून ठेवला. पेशींना काहीच परकं वाटलं नाही, तर रोग तिला नेईल. सगळंच परकं वाटलं, तर त्या तिच्या कातडीवर, आतड्यावर, यकृतावर उठतील, आणि त्यातही माणूस जातो. थोडं हवं, जास्त नको. आधी लहान डोस देऊन तीन महिने बघायचं, मग गरज पडली तर मोठा.

बयनानं इंग्रजी कागदावर मराठीत सही केली. "दुसरा रस्ता नाई ना? मंग इचारता कायले," ती म्हणाली.

दरम्यान गावात बापूजींनी निदान करून ठेवलं होतं. बापूजी म्हणजे आमचे निजामाच्या काळातले माजी पाटील, वय ऐंशी, दात तीन, मतं अगणित. "रागानं वाढलेलं अन्न अंगी लागत नाई," ते पारावर म्हणाले, "तं रक्त काय लागन? दोन वर्सं टिकलं हेच लय झालं. पयले बहिनी-बहिनीत समेट करा." सगळ्या गावाला पटलं. राग रक्तात विरघळत नाही हे मी उदाहरणांसकट समजावून सांगितलं. "गुरुजी, तुमी शाळेत शिकवा," बापूजी म्हणाले.

शनिवारी ते चार माणसं घेऊन आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीवरचं टोपलं उचललं. खालून एक पाल निघाली आणि माणिकरावांच्या बाजूला गेली. माझा भाऊ आयुष्यात कधी बोलत नाही, तेव्हाही बोलला नाही. दोघींनी एकमेकींना गूळ भरवला. वहिनीनं भोपळ्याची भाजी केली आणि पातेलंच आमच्याकडे पाठवून दिलं.

त्यानंतरचा प्रवास मला आठवायचा नाही. बल्लारशापासून मद्रासपर्यंत दोघी इतक्या गोड बोलल्या की डब्यातली माणसं त्यांना विहिणी समजली. "अक्का, खिडकीत तू बस." "नाई वं बयने, तू बस, तुले हवा पायजे." बराच वेळ खिडकी रिकामी राहिली. वारंगळला एक लठ्ठ माणूस चढला आणि तिथं बसून मद्रासपर्यंत झोपला.

इस्पितळात वहिनीच्या दोन्ही हातांत सुया घालून तिला यंत्राला जोडलं. एका हातातून रक्त यंत्रात जायचं, गरगर फिरायचं, हव्या त्या पेशी पिशवीत पडायच्या आणि उरलेलं दुसऱ्या हातानं परत. वहिनी तीन तास न हलता बघत होती. "लोनी काढून घेतात अन् ताक वापस देतात," ती म्हणाली. आठवीच्या वर्गाला मी आजही असंच शिकवतो. त्या पिशवीतला थोडाच भाग, फिक्या गुलाबी रंगाचा, बयनाला चढवला. बाकीचा गोठवून ठेवला.

तीन महिने गेले. काही झालं नाही. पुरळ नाही, ताप नाही, आणि रोग वाढलेला.

"पेशी शांत आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता मोठा डोस देऊ. देवकाबाईंकडून आणखी ताज्याही घेऊ." त्या हे म्हणताना माझ्याकडे बघत नव्हत्या. यानंतर तिसरा रस्ता नाही, हे मला कळलं.

वहिनी परत इस्पितळात आली तेव्हा तिनं माझ्याकडून सगळं समजून घेतलं. "म्हंजे माह्या पेशी तठी जाऊन गप बसल्या?"

"तसंच काहीसं."

"बसतीन नाई तं काय. मी गूळ खाऊन आल्ती ना. बापूजीनं टोपलं उचललं तवाच मले पटलं नव्हतं. तिसऱ्याचा हात लागला त्याले." तिनं कपाळावर हात मारला. "पयल्या वक्ती मी भांडून देल्लं, दोन वर्सं चाललं. आता समेट करून देल्लं, तीन महिनेबी नाई."

मी म्हटलं, वैनी, स्वभावाचा आणि पेशींचा काही संबंध नाही, हवं तर डॉक्टरांना विचारू. विचारलं. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास खर्चून, मला दुभाषा करून, समजावलं की देणारी हसत देवो नाही तर रडत, पेशींना त्याचा पत्ता नसतो. वहिनीनं सगळं आदरानं ऐकलं. मग मला म्हणाली, "त्याह्यले सख्खी बहीन हाय काय, इचारा."

डॉक्टरीणबाईंना तीन भाऊ होते.

वहिनीनं मान हलवली. तिच्या लेखी विषय संपला.

मोठ्या डोसच्या आदल्या दिवशी ती फाटकाबाहेर गेली आणि फुलवालीकडून एक टोपलं घेऊन आली. बयनाच्या खाटेवर पायाशी ते पालथं घातलं. बयना भिंतीकडे तोंड करून पडली होती. दोन दिवस जेवली नव्हती, कोणाशी बोलत नव्हती. मी तिला धीर देऊन थकलो होतो आणि माझाही धीर सुटला होता.

वहिनीनं टोपलं उचललं.

"कावं भोपळेचोरनी," ती म्हणाली.

बयनानं तोंड वळवलं नाही.

"तुलेच बोलून राह्यली मी. अकरा वर्सं झाली, माहा भोपळा खाल्ला अन् ढेकर नाई देल्ला तुनं. लोकाचं खाची सवयच हाय तुले. मायच्या पदराखाली लपून माहा वाटा खाये, आता माह्या हाडातलंबी खाल्लं अन् थेबी टिकोता नाई आलं."

"अक्का, गप," बयना हळूच म्हणाली.

"काऊन गप? मराची घाई झाली काय तुले? लाज नाई वाटत? मी थोरली हाय. माह्या आधी कशी जाशीन तू? कोनाले इचारलं? लहानपनापासून रांगेत मधात घुसाची सवय!" वहिनीचा आवाज फाटला. वॉर्डातल्या सगळ्या खाटा उठून बसल्या. "जाऊन पाय तू, तुह्या तेरवीले मी भोपळ्याचीच भाजी करीन, अन् गावाले सांगीन, हेच खाऊन मेली म्हून."

बयना उठून बसली. तिच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी रंग आला. "भोपळा माह्या अंगनात होता!" ती ओरडली. "माह्या अंगनात जे पडलं थे माहं! तुह्या बापाचं नाई!"

"बाप एकच हाय आपला, बयताड!"

नर्सबाई धावत आल्या. त्यांच्या मागून पहारेकरी आला. मी दारात आडवा उभा राहिलो आणि मोडक्या हिंदीत म्हणालो की ही आमच्याकडची प्रार्थना आहे. अठरा वर्षांच्या नोकरीत, खरं सांगतो, मी एवढं धडधडीत खोटं इन्स्पेक्शनच्या दिवशीही बोललो नव्हतो. पाऊण तास प्रार्थना चालली. मग वहिनी दमली, "ठेव झाकून" म्हणाली आणि टोपलं पालथं घालून, पदरानं तोंड पुसत, यंत्राकडे चालू लागली.

डोस दिला. वहिनी गावी परतली. आम्ही इस्पितळाजवळच्या खोलीत राहिलो. पाचव्या आठवड्यात एका सकाळी बयनानं मला हात दाखवले. तळवे लाल झाले होते. कानाच्या पाळ्याही. मी धावत जाऊन एसटीडी बूथवरून गावच्या दुकानात फोन लावला आणि वहिनीला बोलावणं पाठवलं.

"वैनी, पुरळ आलं."

फोनचं मीटर पळत होतं. "आलं काय," ती म्हणाली. मग तिनं दुकानात जमलेल्या लोकांना सांगितलं असावं, कारण कोणी तरी टाळ्या वाजवल्या. एका बाईच्या अंगावर पुरळ आलं म्हणून टाळ्या वाजवणारं गाव देशात दुसरं नसेल.

पण पुरळ थांबलं नाही. तोंडात फोड आले, पाण्याचा घोट जाईना. जुलाब सुरू झाले ते दिवसाला बारा-पंधरा. कातडी सोलायला लागली. डॉक्टरीणबाई दिवसातून तीनदा यायच्या आणि म्हणायच्या, हे जास्त होतंय. आवरायचं औषध जोरात दिलं तर पेशी दबतील आणि रोग मोकळा सुटेल. नाही दिलं तर ती जाईल. त्या थेंबाथेंबानं औषध वाढवत होत्या. मी अठरा वर्षं पोरांना विज्ञानाचे चमत्कार शिकवले होते. त्या पंधरा दिवसांत मी पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या झाडून सगळ्या देवांना नवस बोललो, आणि काही पीरांनाही.

वहिनीचा रोज फोन यायचा. आठव्या दिवशी मी तिला खरं काय ते सांगितलं.

"भाऊजी," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना. "मी जास्त बोलली काय?"

"नाही, वैनी."

"तेरवीचं बोलाले नाई पायजे होतं मी. थे तोंडातून गेलं. भोपळ्यापाशीच थांबाचं होतं."

मी तिला सांगायला हवं होतं की तुमच्या बोलण्याचा यात काही संबंध नाही. मी सांगितलंही. तिनं ऐकलं नाही, आणि माझा मलाही विश्वास वाटला नाही.

सोळाव्या दिवशी जुलाब कमी झाले. विसाव्या दिवशी बयनानं पेज मागितली, आणि पेज अळणी आहे म्हणून भांडली. सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये तपासणीत रोगाच्या पेशी सापडल्या नाहीत. सहा महिन्यांनी परत नाहीत. "बरी झाली असं मी म्हणणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सध्या दिसत नाही, एवढंच म्हणते." पण म्हणताना त्या हसल्या.

घरी आल्यावर पहिल्याच पोळ्याला बयनानं बाजारातून मोठा भोपळा आणवला. हळदीकुंकवाचं ताट घेतलं आणि भिंतीकडे गेली. भिंतीवर वहिनीनं इस्पितळातलं ते टोपलं आणून पालथं घातलं होतं. "अक्का, ये," तिनं हाक मारली. "दोघी मिळून उचलू."

वहिनी बाहेर आली. तिनं ताट पाहिलं, भोपळा पाहिला.

"हात लावशीन तं हात तोडून ठेवीन," ती म्हणाली, आणि तो भोपळा उचलून आमच्याच अंगणात भिरकावला. त्याचे तीन तुकडे झाले. बयना ताट घेऊन आत आली आणि दिवसभर बोलली नाही.

संध्याकाळी वहिनीनं मला गोठ्याआड गाठलं. "भाऊजी, मले तिच्याशी गोड बोलाची लय इच्छा होते. तिच्या केसाले तेल लावून द्यावं वाटते, केस नवे आले न् तिचे. पन पेशी तठी गप बसल्या तं?" तिनं डोळ्याला पदर लावला. "त्याह्यले आठोन द्या लागते ना रोज. तुमी शिकेल हा. तुमी सांगा, उचलू काय टोपलं?"

मी विज्ञानाचा मास्तर आहे. उत्तर मला पाठ होतं, अर्धा तास खर्चून डॉक्टरीणबाईंनी ते माझ्याकडूनच वदवून घेतलं होतं. एक शब्द पुरे होता.

"राहू द्या, वैनी," मी म्हणालो.

गेल्या पावसाळ्यात त्या टोपल्याला वाळवी लागली. मी आदिलाबादच्या बाजारात जाऊन बुरुडाकडून नवं, चांगलं जाड विणीचं घेतलं. हात मी लावला तो फक्त वहिनीच्या ओट्यापर्यंत. भिंतीवर तिनं स्वतः घातलं.

परवा सकाळी भांडण नेहमीपेक्षा लवकर आटोपलं. बयना आत येऊन माझ्यासमोर बसली. तिच्या कानाच्या पाळ्या अजूनही जरा लाल असतात.

"आज अक्काचा आवाज बसला हाय," ती म्हणाली. "डब्यात सुंठ हाय, तेवढी नेऊन द्या तिले." मग म्हणाली, "नाई, राहू द्या. मी देल्ली असं तिले समजलं तं जीवाले घोर लागन तिच्या. तिले वाटते, मले काही समजत नाई."

मी सुंठेचा तुकडा खिशात टाकला आणि शाळेत जाताना वहिनीच्या ओट्यावर विसरून आलो.

दुसऱ्या दिवशी तिचा आवाज खणखणीत होता. पहिलीच शिवी सुंठेवरून होती.